बटण नसलेला दिवा

तुम्ही खुर्चीतून उठलात की तुमच्या डोक्यावरचा पंखा बंद झालाच म्हणून समजा. तुम्ही पाणी प्यायला उठलात की घरी जायला, ह्याची चौकशी नाही. आमचे साहेब खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात असोत, त्यांचा हात बटणापर्यंत कसा पोचायचा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पाणी पिऊन परत यावं तर पंखा थांबलेला, टेबलावरचा दिवा विझलेला आणि सोल्डरिंग आयर्न थंड पडत चाललेलं. कल्याणजवळच्या मानपाड्याच्या आमच्या कारखान्यात त्यांचं नाव 'मेनस्विच' पडलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि माझा अंदाज असा की आवडतही होतं.

कारखाना म्हणजे एमआयडीसीतला एक पत्र्याचा गाळा. खाली यंत्रं जोडणाऱ्या मुली, वर पोटमाळ्यावर डिझाइन विभाग. डिझाइन विभाग म्हणजे साहेब आणि मी. मी डिप्लोमा करून नुकतीच लागलेली, राहायला ठाण्याला माजिवड्यात. साहेब कल्याणच्या जुन्या वस्तीतले. मुलाखतीत त्यांनी मला ओहमचा नियम विचारला नाही. विचारलं, "घरातून बाहेर पडताना काय करतेस?"

"देवाला नमस्कार करते."

"आणि?"

"चपला घालते."

"दिवे-पंखे कोण बंद करतं?"

"आई."

"मग नोकरी तुझ्या आईला द्यायला हवी," साहेब म्हणाले, आणि मला घेतलं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, हा माणूस चांगला असणार. आईचा अंदाज चुकला नाही, पण खरा ठरायला बराच वेळ लागला.

आम्ही जिथे वीज नाही अशा जागी ठेवायची यंत्रं बनवायचो. बॅटरी घाला, यंत्र टांगा आणि विसरून जा. आता बॅटरी म्हणजे दुष्काळातली विहीर, पाणी बेतानंच काढायचं. यंत्रातला कुठला भाग सारखा जागा हवा आणि कुठला क्वचित, हे ठरवून जो क्वचित लागतो त्याच्या वाटेत साहेब एक छोटा ट्रान्झिस्टर बसवायचे. काम असलं की तो वाट उघडणार, काम संपलं की बंद करणार. ह्याला म्हणायचं लोड स्विच. साहेब म्हणायचे 'कडी'. "ह्याला कडी घातलीस का?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जितकं ऐकलं तितकं स्वतःचं नाव ऐकलं नसेल. त्यांचं दुसरं वाक्य होतं, "झोपलेल्याच्या पानात वाढायचं नाही." आणि कुठल्याही यंत्रात सेल घालायचा तर आधी त्याच्यावर पेनानं त्या दिवसाची तारीख टाकायची, मगच घालायचा. तारीख नसलेला सेल दिसला की ते तो कुणाच्या तरी पोराला कडेवरून उतरवावं तसा हळूच बाहेर काढून बाजूला ठेवायचे आणि विचारायचे, "हा कुणाचा?"

हे सगळं कारखान्यापुरतं असतं तर ठीक होतं. साहेबांची स्कूटर पत्री पुलाच्या चढावर कण्हत चढायची आणि उतार लागला की साहेब इंजिन बंद करायचे. एकदा मी मागे बसले होते. आजूबाजूच्या ट्रकमधून आमची ती मुकी स्कूटर घरंगळत निघाली तेव्हा मी गणपतीपासून खंडोबापर्यंत सगळ्यांना हाक मारली. "उतार फुकट मिळतो सुलभा," साहेब वाऱ्यात ओरडून म्हणाले. बोलणंही तसंच. शेठ, म्हणजे आमचे मालक, मीटिंगमध्ये जरा रंगात आले की साहेब घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. बातम्या संपल्या की रेडिओ बंद. नाट्यगीत चालू असताना त्यांनी रेडिओ बंद केला म्हणून काकू एकदा दोन दिवस बोलल्या नव्हत्या. साहेबांच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. आणि ह्या दोघांना एकच मुलगी, मंजू.

मंजूनं बाळकुमच्या नरेशशी लग्न केलं. नरेश बी.कॉम., बँकेत, निर्व्यसनी, पण कोळ्यांच्या घरचा. त्याची आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायला बसायची. गंमत बघा, साहेबांच्या घरात मासळीशिवाय घास उतरत नसे. पापलेट चालत होतं, पापलेट आणून देणाऱ्यांशी सोयरीक चालत नव्हती. मंजू रजिस्टर लग्न करून नरेशला घेऊन पाया पडायला आली तेव्हा साहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. ती दोघं गेल्यावर म्हणाले, "हा विषय आजपासून बंद." बस. आरडाओरडा नाही, शाप नाही, पंखा बंद करावा इतकं सहज. मी एकदा कल्याणला त्यांच्या घरी गेले तेव्हा मला हे काकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्या रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ह्यांनी विषय बंद केलाय. गॅस नाही."

काकूंची हुशारी मला तेव्हा कळली. ठाणं-कल्याण काही परदेश नव्हे, पण काकूंचे गुडघे गेलेले, आणि कुठे जायचं तर साहेबांना सांगून जायची घराची रीत. मग त्यांनी साहेबांनाच सांगितलं, "ती तुमची सुलभा, बिचारी ठाण्याहून येते. तिला कुठला डबा करायला वेळ? मी दोन डबे देत जाईन." साहेबांना पटलं. रोज सकाळी स्कूटरच्या डिकीतून दोन डबे यायचे, एक साहेबांचा, एक माझा. माझा डबा मी उघडत नसे. आईनं दिलेली पोळीभाजी खायची, आणि संध्याकाळी माजिवड्याला उतरलं की आधी बाळकुमला जाऊन काकूंचा डबा मंजूच्या हातात द्यायचा. आळूचं फदफदं, पुरणपोळी, आंबेहळदीचं लोणचं, काय वाटेल ते. म्हणजे मुलीला घरापासून तोडणारा बाप रोज स्वतःच्या स्कूटरवरून तिचं जेवण पोचवत होता, तेही उताराला इंजिन बंद करून.

रिकामा डबा तर परत पाठवायचा नसतो. मंजूची सासू त्यात सोडे भरायची. तिनं स्वतः सोलून, वाळवून ठेवलेली कोळंबी. तो डबा सकाळी मी आणायची, साहेब संध्याकाळी कल्याणला न्यायचे. पोटमाळ्यावर दिवसभर असा वास सुटायचा की खालच्या मुली विचारायच्या, "सुलू, आज काय?" मी म्हणायचे, शेजारीण विकते, काकूंना हवे असतात. आणि दुसऱ्या दिवशी साहेब जेवताना डोळे मिटून सांगायचे, "काल सोड्याची खिचडी झाली. असे सोडे कल्याणच्या बाजारात मिळत नाहीत. तुझी शेजारीण गुणी आहे." मी म्हणायचे, "हो साहेब, फार गुणी आहे." ताकास तूर लागू द्यायची नाही, असा काकूंचा हुकूमच होता.

ह्या सुमारास आमचं एक मोठं काम अडलं. गावोगावच्या विहिरींत पाण्याची पातळी मोजणारं यंत्र. बॅटरी दिवाळीत घालायची, ती पाऊस येईपर्यंत टिकली पाहिजे. पाणी मोजणारा भाग खादाड, म्हणून साहेबांनी त्याला कडी घातलेली. तासातून एकदा कडी उघडायची, मुख्य चिप त्याला विचारणार पाणी किती, तो सांगणार, की कडी बंद. कागदावर सगळं ठाकठीक होतं. प्रत्यक्षात संक्रांत येईस्तोवर बॅटऱ्या मान टाकायला लागल्या. शेठ रोज पोटमाळ्यावर चढून विचारायचे, "काय साहेब, आपली विहीर कोरडी का?"

साहेबांनी सगळ्यांवर संशय घेतला. ट्रान्झिस्टर बदलले, दुकानदाराला खडसावलं. हवेतल्या दमटपणावर खापर फोडून बोर्ड धुऊन घेतले. मग खाली जाऊन मुलींना सांगितलं की बोटांना तेल लागलेलं असतं, त्यातून वीज गळते, तेव्हा डोक्याला तेल लावून कामावर यायचं नाही. काही दिवस सगळ्या कारखान्यात कोरड्या केसांचे झिपरे उडत होते. गळती तशीच. कडी बंद असतानाही तो खादाड भाग अर्धवट जागाच असायचा. "पुरवठा तोडलाय," साहेब स्वतःशी म्हणायचे, "तरी हा जगतो कशावर?"

आणि इकडे मंजू बाळंत झाली. मुलगी झाली. साहेबांना हे सांगणार कोण? काकूंनी डिंकाचे लाडू केले आणि माझ्या डब्यात भरून पाठवले. नेमकं त्या दिवशी डिकीत डब्याचं झाकण उघडलं.

"तुला डिंकाचे लाडू कशाला?" साहेबांनी विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. मी पटकन म्हणाले, "कंबर दुखते, साहेब."

"ह्या वयात?"

"खुर्ची वाईट आहे."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला नवी खुर्ची मिळवून दिली. मला इतकी लाज वाटली की मी दिवसभर त्या खुर्चीत नीट टेकून बसले नाही.

त्यानंतर एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, साहेब मीटरच्या तारा लावून बसले होते आणि त्या खादाड भागाच्या एकेक वायरी सोडवत होते. एक सोडवली, काही नाही. दुसरी सोडवली, काही नाही. मग ज्या वायरीवरून त्या भागाशी बोलणं होतं ती सोडवली, आणि मीटरचा काटा शून्यावर येऊन निजला.

"काखेत कळसा," साहेब म्हणाले. "सुलभा, इकडे ये. बघ. आपण पुढच्या दाराला कडी घातली. पण ज्या वायरीनं आपण त्याला विचारतो, 'पाणी किती रे?', त्या वायरीवर दाब तसाच ठेवला. त्याच वायरीनं ह्याला मागच्या दारानं जेवण पोचतंय. आणि पोचवतंय कोण, तर ज्यानं कडी घातली तोच. आपली मुख्य चिप. तिला बिचारीला पत्ताच नाही की आपण..."

ते थांबले. टेबलावर दोन डबे होते, दोन्ही त्यांनीच आणलेले. एक उघडलेला, त्यांचा. एक बंद, माझा. आणि माझ्यापुढे माझ्या आईची पोळीभाजी. हे दृश्य रोजचंच होतं, पण साहेबांनी ते त्या दिवशी पाहिलं.

"तुझी कंबर कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे, साहेब."

"कुणाची?"

मी आईच्या डब्याला झाकण लावलं. साहेब उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. आम्ही दोघंही खोलीत होतो, तरी.

यंत्राची दुरुस्ती सोपी होती. कडी घालायच्या आधी त्या बोलायच्या वायरीवरचा दाबही खाली आणायचा, म्हणजे मागचं दारही बंद. साहेबांनी संध्याकाळपर्यंत ते करून दाखवलं, शेठनी पेढे आणवले. मी पेढा हातात धरून बसले होते. ह्या माणसाला एकदा गळती सापडली की तो ती ठेवत नाही, हे मी चांगलं ओळखून होते. घरी जाऊन काकूंना काय म्हणतील? उद्यापासून डबा बंद, तर मंजूला मी कुठल्या तोंडानं सांगू? बाळंतिणीला आईच्या हातचं मिळायचं ते एवढंच. त्या संध्याकाळी बाळकुमला मी डबा दिला आणि बाळाला बघायलाही थांबले नाही. मला फार भीती वाटत होती, आणि साहेबांचा रागही येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पोटमाळ्याचा जिना चढले. हातात दोन डबे. माझा डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आडवा करू नकोस. आज तूप पातळ आहे." मग खिशातून प्लास्टिकची एक साबणाची डबी काढली. झाकणाला भोक पाडून त्यात लाल बारीक दिवा बसवलेला, आत टॉर्चचे दोन सेल. दिवा पेटलेला होता.

"बाळकुमला वीज फार जाते म्हणतात," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"जाते, साहेब."

"ही एक टेस्ट लावायची आहे. सेल किती टिकतात ते बघायचं. एखाद्या घरी ठेव, जिथे रात्री जाग असते. तान्हं मूल वगैरे असलं तर बरं."

मी डबी उलटसुलट करून पाहिली. "साहेब, ह्याला बटण कुठे आहे?"

"नाही."

"मग बंद कसा करायचा?"

"बंद करायचा नाही," साहेब म्हणाले. "विझला की कळव."

मंजूनं ती डबी उघडून आतले टाके पाहिले आणि खालीच बसली. "बाबांचं सोल्डरिंग आहे," म्हणाली. "कुणाचेच टाके इतके कंजूस नसतात." दोन्ही सेलवर साहेबांच्या अक्षरात तारीख होती. बाळाच्या जन्माची तारीख. म्हणजे काकूंनी आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं, आणि साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा सेलवर खोटी तारीख टाकली होती.

तुम्हाला वाटेल, आता बापलेकींची भेट झाली असेल. छे. साहेबांनी एकदा शब्द टाकला की तो उचलायची सोय त्यांच्यात नव्हती. विषय बंद होता. टेस्ट मात्र चालू होती. दर सोमवारी साहेब मला विचारायचे, "चालू आहे?" मी म्हणायचे, "चालू आहे." एवढंच. कधी जरा लांबवायचे, "उजेड किती आहे?" मग मी सांगायची की उजेडाला आता बसता येतं, दात आलेत, काल चालून दाखवलं. साहेब गंभीरपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, "रीडिंग चांगलं आहे."

दिवा विझत नव्हता ह्यात साहेबांच्या डिझाइनचा हात थोडा आणि मंजूचा जास्त. पहिले सेल संपत आले तेव्हा ती घाबरून नाक्यावरच्या दुकानात गेली आणि नवे घेऊन आली. मी म्हटलं, अगं, सांगू ना त्यांना, टेस्ट संपली. ती म्हणाली, "विझला म्हटलं की बाबा विचारायचं थांबतील." तेव्हापासून ती दिवा मंद व्हायच्या आतच सेल बदलत राहिली. मी साहेबांना सांगत राहिले, चालू आहे. पोरगी बालवाडीत जायला लागली तरी दोन सेलांवर दिवा चालूच. कंपनीनं छापलेल्या एका आकड्यावरही विश्वास न ठेवणारे साहेब म्हणायचे, "अच्छा," आणि कामाला लागायचे. मला वाटायचं, म्हातारपण आलं, साहेब हिशेब विसरायला लागले.

मग ते रिटायर झाले. निरोपाच्या समारंभात शेठचं भाषण लांबलं तेव्हा माईक मध्येच बंद पडला. कुणी बंद केला ते सगळ्यांनी पाहिलं. साहेबांनी स्वतः भाषण केलं ते असं, "सगळ्यांचे आभार. पंखे बंद करून जा." खाली गाडी तयार होती, त्यांना घरी सोडायला. साहेब मला म्हणाले, "सुलभा, एक टेस्ट साइट बघायची राहिली आहे. आज अजून नोकरीत आहे, तोवर बघून घेतो."

कल्याणला काकूंना घेतलं. काकूंनी एका शब्दानं विचारलं नाही की कुठे. त्या साडी बदलून तयारच बसल्या होत्या. भिवंडीच्या वाटेनं कशेळीचा पूल ओलांडला की बाळकुम आलंच. मंजू दारात आली आणि तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मंजूची सासू मात्र अजिबात गोंधळली नाही. "या ओ याही, बसा," म्हणाली. "सोरे आवरतान ना तुमाना? दर साली तुमचे वाट्याचं येगलं सुकवतंय मी."

आवडतात म्हणून दर वर्षी आपल्या वाट्याचे सोडे वेगळे सुकवणाऱ्या त्या बाईकडे साहेब वळले. "म्हणजे शेजारीण तुम्ही होय," म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले. सोड्यांसाठी जोडले की कशासाठी, ते त्या बाईला बरोबर कळलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

साहेब दिव्याजवळ गेले. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यांनी डबी उघडली. आत दोन कोरे करकरीत सेल होते, तारीख नसलेले. मंजूचा चेहरा उतरला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

"बाबा, ते..."

"पहिल्याच पावसाळ्यात संपायला हवे होते," साहेब म्हणाले. "हिशेब मला येतो गं मंजू. पाठीमागून कुणीतरी पुरवतंय, हे कळत होतं मला. दर सोमवारी कळत होतं."

मंजू रडायला लागली. साहेबांनी खिशाचं पेन काढलं, दोन्ही सेलवर त्या दिवसाची तारीख घातली आणि सेल परत बसवले. दिवा लागला. पोरगी लांबून हे सगळं बघत होती, तिला म्हणाले, "टेस्ट आजपासून धरायची. रिपोर्ट घ्यायला मी स्वतः येत जाईन."

आणि जात राहिले, दर सोमवारी, एस.टी.नं. पुढे तब्येत साथ देईना तेव्हा मंजू नातीला घेऊन कल्याणला यायची, येताना डबी पिशवीतून आणायची. साहेब अंथरुणातून हात काढून नव्या सेलवर तारीख घालायचे. अक्षर वाकडं व्हायला लागलं होतं. शेवटच्या तारखेचे सेल मंजूनं बदलले, पण टाकून दिले नाहीत. ते देवघरात आहेत.

मीही आता खुर्चीतून उठणाऱ्यांचे पंखे बंद करते, आणि पोरं मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे. सोमवारी मंजूचा फोन येतो. आमच्या गप्पा कुठूनही सुरू होतात आणि शेवटी मी विचारतेच, "चालू आहे?" ती म्हणते, "चालू आहे."